कुठे निघालात, बाई?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. जुना म्हणजे आता चांगला पंचेचाळिशीचा, डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस. हातात पेढ्यांचा पुडा होता, म्हणून मला वाटलं मुलाचा काही निकाल वगैरे. तर म्हणाला, "बाई, तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतोय. युरोपला चाललोय. एकटाच. काही म्हणजे काही ठरवलेलं नाही, गाडी नेईल तिकडे जायचं. इतकी वर्षं लिहायचं लिहायचं म्हणतोय, पण इथे सुचतच नाही हो. तिकडे काहीतरी सापडेल."

मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आणि घरी कोण बघणार?"

त्याचा चेहरा पडला. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं, बाई टाळ्या वाजवतील. कारण बाईंनी स्वतः सत्तरी उलटल्यावर हाच उद्योग केलेला आहे, आणि डहाणूकरवाडीत ज्याला त्याला पकडून त्याच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत! तो थोडा वेळ बसला, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून मला रुखरुख लागून राहिली आहे. मी चुकीचं विचारलं का? विचार केला तर वाटतं, नाही. पण पूर्ण सांगितलंही नाही. म्हणून आज हे लिहायला बसले.

आधी माझी गोष्ट.

चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. दरवर्षी सहामाहीला निबंध असायचा, 'माझा अविस्मरणीय प्रवास'. किती वह्या तपासल्या असतील याचा हिशोब नाही. सगळ्या मुलांची पहाट 'अलार्मच्या कर्कश आवाजाने' व्हायची, सगळ्यांच्या आया शिदोरी बांधायच्या आणि सगळे जण शेवटी 'तो दिवस मी कधीच विसरणार नाही' म्हणून मोकळे व्हायचे. मी दहापैकी सहा मार्क द्यायचे. गंमत म्हणजे हा निबंध मला कुणी घालून दिला असता तर मीही तेच लिहिलं असतं, कारण माझ्या नावावर प्रवासच नव्हता. कांदिवली ते दादर, हाच माझा अविस्मरणीय प्रवास. तोही उभ्याने.

१९८६ च्या मे महिन्यात मला चार दिवस एकटीने कोकणात जावंसं वाटलं होतं. लग्न नाही, मुंज नाही, कुणी आजारी नाही, नुसतं जावंसं वाटलं. आमच्या ह्यांना म्हटलं. ते वाईट नव्हते, उगाच कशाला खोटं बोलू. नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "एकटीच? कशाला?" या 'कशाला'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी नाही गेले.

पुढे २०११ साली आम्ही दोघं एका टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आलो. बारा दिवसांत सात-आठ देश. पहाटे बॅगा दाराबाहेर, रात्री जेवायला वरणभात. त्या टूरला मी नावं ठेवणार नाही. तो वरणभात नसता तर आम्ही गेलोच नसतो. पण घरी आल्यावर फोटो बघताना आमचं भांडण व्हायचं, हा पूल कुठल्या देशातला म्हणून.

२०२१ मध्ये हे गेले. दोन वर्षांनी मुलाने मला जर्मनीला बोलावलं, श्टुटगार्टला. (हे शहर आणि आपली मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. बहिणींचं तोंडावळ्यात काही साम्य नाही.) आणि इथे मला पहिला धडा मिळाला, जो माझ्या विद्यार्थ्यालाही लवकरच मिळणार आहे. आपल्या पासपोर्टवर युरोपात 'न ठरवता' जाताच येत नाही! शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेची स्टेटमेंटं, पेन्शनचे कागद, जाण्यायेण्याची तारीख, राहणार कुठे, कुठल्या दिवशी काय बघणार, सगळं लिहून द्यावं लागतं. माझ्या मुलाने तिकडच्या सरकारी कचेरीत जाऊन सही केली की आईचा सगळा खर्च मी करीन. ते वाचून मला जरा हसू आलं, जरा भरूनही आलं. त्याला वाढवताना आमच्याकडून कुणी असा कागद मागितला नव्हता. तर, वाट फुटेल तिकडे जायचं असेल तर आधी वाटांची यादी जोडून अर्ज करावा लागतो. गोऱ्या पोरापोरींची पाठीवर पिशवी टाकून निघाल्याची वर्णनं वाचून भारावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांची बेफिकिरी त्यांच्या पासपोर्टात शिवलेली असते.

मुलगा आणि सून सकाळी कामाला जात. मी खिडकीत. आठवड्याभरात मुलाला कळलं की आई कंटाळली. त्याच वर्षी १ मेपासून तिकडे एक महिन्याचा पास निघाला होता, ४९ युरोचा. (नंतर तो ५८ झाला आणि २०२६ पासून ६३.) अख्ख्या जर्मनीतल्या ट्राम, बस, भुयारी गाड्या आणि साध्या, जागोजागी थांबणाऱ्या रेल्वेगाड्या या पासावर चालतात. वेगवान गाड्या चालत नाहीत. मला कुठे घाई होती! मुलाने तो माझ्या फोनवर घालून दिला, आणि फोनमध्ये ती सोयही करून ठेवली, मी कुठे आहे ते त्याला दिसण्याची. त्यामुळे 'एकटी' म्हणजे काय, तर ऑफिसात बसून तो माझा निळा ठिपका बघत होता.

पहिले काही दिवस मी शहाण्यासारखी फिरले. ठरवून उल्मला गेले, तिथल्या चर्चचा १६१ मीटरचा कळस मान मोडेपर्यंत बघितला. एकदा केल नावाच्या गावाहून ऱ्हाईन नदीचा पूल पायी ओलांडून फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला जाऊन आले. पुलाच्या मध्यावर देश बदलतो आणि काहीच होत नाही. पासपोर्ट पिशवीत घट्ट धरून चालले होते, कुणी विचारलं नाही. याच पासावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही जाता येतं. तेही करून आले, सुनेने जागा सांगितल्या होत्या तशा बघितल्या. बरं वाटलं. पण घरी येऊन वहीत लिहायला बसले की 'अलार्मच्या कर्कश आवाजाने'. सहा मार्क.

मग एका गुरुवारी हायडेलबर्गला निघाले होते. मध्ये फोर्त्सहाइमला खाली उतरले, कारण मला ऐकू आलेली घोषणा मला समजली असं मला वाटलं. गाडी गेली. पलीकडच्या फलाटावर दोन डब्यांची एक छोटी गाडी उभी होती, अर्धी रिकामी. आणि मंडळी, मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी कुठे जाते ते न बघता गाडीत चढले. का? खिडकीची जागा होती! पन्नास वर्षं कांदिवली स्टेशनावर काढलेल्या बाईला दुसरं कारण लागत नाही.

गाडी नदीच्या कडेने निघाली. दोन्ही बाजूंनी काळपट हिरवं झाडीचं रान. साधारण अर्ध्या तासाने, लाकडी पट्ट्यापट्ट्यांची घरं दिसली म्हणून एका गावात उतरले. गावाचं नाव काल्व. नदी नागोल्ड. नदीवर जुना दगडी पूल, साधारण १४०० सालचा, आणि पुलाच्या मधोमध इवलीशी देवळी असावी तसं सेंट निकोलसचं चॅपेल. पुलावर माणसाएवढा एक ब्राँझचा माणूस उभा होता. खालचं नाव वाचलं तर हेर्मान हेस्से. 'सिद्धार्थ' कादंबरीवाला! त्याचा जन्म इथला, १८७७ चा. मला हे ठाऊकच नव्हतं. कुणी आणलं असतं तर 'हे बघा हेस्सेचं गाव' म्हणून आणलं असतं, मी 'हो का' म्हणून फोटो काढला असता. इथे तो मला रस्त्यात भेटला.

रात्री मुलाने आणखी माहिती काढून दिली. हेस्सेचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हे मिशनरी म्हणून १८३६ साली हिंदुस्थानात आले, केरळात तलश्शेरीला राहिले, १८५९ मध्ये परतले आणि काल्वला बसून त्यांनी मल्याळम भाषेचा मोठा शब्दकोश पुरा केला. १८७२ साली तो छापून झाला. हेस्सेची आई केरळात जन्मलेली. आपल्या मराठीला जसा मोल्सवर्थ, तसा मल्याळमला गुंडर्ट. भाषेच्या शिक्षिकेला याहून काय हवं! इथल्या थंडीत एक म्हातारा मल्याळम शब्द लावत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

पण ते रात्री. दुपारी मी पुलाजवळ एका बाकावर बसले होते. आमच्या शेजारच्या गुजराती बाईंनी निघताना दिलेले खाखरे पिशवीत होते, ते खाल्ले. तीन तास बसले. भीती वाटत होती का? वाटत होती. भाषा येत नाही, गुडघा दुखतोय, स्वच्छतागृहाला एक युरो म्हणजे तेव्हाचे नव्वद रुपये पडत म्हणून पाणीही कमी पीत होते. पण त्या तीन तासांत मला कुणी हाक मारली नाही. बाई नाही, आई नाही, वहिनी नाही, आजी नाही. हे माझ्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. मी नदीकडे बघत होते. आणि वही काढून लिहायला लागले तेव्हा त्यात नागोल्ड आलीच नाही. पोयसर आली.

आमची पोयसर नदी. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम, मग कांदिवलीतून वाहत मालाडच्या खाडीत. आता तिला नदी म्हटलं तर मुलं हसतात, नाला म्हणतात. पण मी १९७४ साली लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंबरोबर तिच्या काठाने चालले आहे, पाण्यात पाय बुडवले आहेत. सासूबाई मला त्या वाटेने झाडांची नावं सांगायच्या. सगळं विसरले होते. काल्वच्या बाकावर बसून एकेक नाव आठवत गेलं. पंधरा पानं लिहिली. त्यात अलार्म नव्हता.

आता फाळक्यांकडे येते, कारण मराठी माणसाच्या एकट्याने केलेल्या युरोपवारीचं माझ्या मते याहून मोठं उदाहरण नाही. दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्गावरून मी शेकडो वेळा गेले असेन. फेब्रुवारी १९१२ मध्ये हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर लंडनला निघाला. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून त्याला आपले राम-कृष्ण पडद्यावर दिसायला लागले होते. सिनेमे बघून बघून आणि जागरणं करून डोळे जायची वेळ आली होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले. लंडनमध्ये ओळख कुणाची? कुणाचीच नाही. पिकॅडिली भागात फिरताना 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसली. ते साप्ताहिक फाळके मुंबईत मागवून वाचत. सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी सांगितलं, बाबा, या धंद्यात पडू नकोस. मग त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके एप्रिलच्या सुरुवातीला घरी. म्हणजे सगळी वारी दोनेक महिन्यांची, त्यात बरेचसे दिवस बोटीत गेलेले.

ती पाटी दिसली नसती तर? हा प्रश्न सगळे विचारतात. मला मात्र दुसरं दिसतं. लंडन बघून आलेल्या या माणसाने लंडनसारखं काही केलं नाही. परत येऊन आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली आणि मग राजा हरिश्चंद्र केला. जे सुचायचं होतं ते इथलंच होतं. तिकडे जाऊन फक्त त्याला कळ लागली.

आणि आता मुख्य मुद्दा. फाळके 'एकटे' गेले म्हणतो आपण. घरात मुलं होती, नोकरी नव्हती, कर्ज होतं. मागे सरस्वतीबाई होत्या. नंतर चित्रपटासाठी त्यांनी दागिने दिले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायचं काम शिकून घेतलं. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे हे सगळं होतं. कुणी एकट्याने, न ठरवता, मोकळं होऊन निघतं तेव्हा मागे कुणीतरी सगळं ठरवून चालवत असतं. दूध, फी, सासऱ्यांची औषधं, गॅसचा नंबर. म्हणून मी त्या मुलाला विचारलं, घरी कोण बघणार.

माझ्या घरी कुणालाच बघायचं नव्हतं, कारण घरी कुणी उरलं नव्हतं. मला मोकळीक मिळाली ती अशी. काल्वच्या बाकावर मला जे सुख वाटत होतं त्यात हे होतंच, आणि ते मला टोचतही होतं. हे असते तर मी त्या गाडीत चढले नसते. हे असते तर बरं झालं असतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आमच्या पिढीने प्रवास वाचला तो 'अपूर्वाई'त. पुलं आणि सुनीताबाई जोडीने गेले, आपणही त्यांच्यामागून घरबसल्या गेलो. मग पुढे मीना प्रभू आल्या. लंडनमध्ये स्थायिक झालेली डॉक्टर बाई, पण मन सगळं मराठीत. 'दक्षिणरंग', 'तुर्कनामा', 'ग्रीकांजली'... कितीतरी ठिकाणी त्या एकट्या फिरल्या, तेही तरुण वयात नव्हे. २०२५ साली त्या गेल्या तेव्हा मी त्यांची पुस्तकं पुन्हा काढली. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ती पुस्तकं हातोहात फिरायची. कुणी म्हणायचं, "त्यांचं काय, पैसा आहे, त्या तिकडच्याच." मीही म्हटलं असेल. पण खरं म्हणजे आम्हाला पैशाचा हेवा वाटत नव्हता. 'कशाला' असं न विचारणाऱ्या घराचा हेवा वाटत होता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की सुचण्यासाठी युरोप लागतोच असं नाही, पण कुणी हाक न मारणारे तीन तास लागतात. ते पुरुषांना जन्मतः थोडेफार मिळालेले असतात, कट्ट्यावर, पानाच्या गादीवर. लोकलच्या पुरुषांच्या डब्यातही मिळत असावेत. बायकांच्या डब्यात तर भाजी निवडली जाते. म्हणून एखाद्याला आल्प्समध्ये 'स्वतःचा शोध' लागल्याचं वाचते तेव्हा मी मनात त्याच्या बायकोचा शोध घेते. आणि हल्ली ते 'लेखनासाठी आठ दिवसांची निवासी सहल, प्रेरणा हमखास' वगैरे निघालंय, त्यावर माझा बिलकूल विश्वास नाही. हमखास मिळते ती फक्त चहाची वेळ.

परत आल्यावर एका सकाळी मी कुणाला न सांगता पोयसरच्या कडेने जितकं जाता येईल तितकं चालले. अर्ध्या ठिकाणी भिंत, अर्ध्या ठिकाणी दुर्गंध. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने हटकलं होतंच, "कुठे निघालात, बाई?" मी म्हटलं, "बघते." तो घाबरला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारपूस करायला आल्या, बरं आहे ना म्हणून. काल्वमध्ये कुणी घाबरलं नव्हतं! वही मात्र भरत चालली आहे, दुसरी घेतली.

त्या मुलाला मी परवा फोन केला. म्हटलं, जा. पण तुझ्या त्या तीन महिन्यांत घरचं कोण काय करणार ते व्हिसाच्या यादीसारखं कागदावर लिही, आणि तुझ्या बायकोला विचार, तिचे तीन महिने कधी. पलीकडे बराच वेळ शांतता. फोन बहुतेक स्पीकरवर होता, कारण उत्तर तिनेच दिलं. "बाई, तीन महिने नकोत मला, दिवाळीनंतर दहा दिवस पुरे. कुठे जायचं ते माहीत नाही."

तो आता तीन महिन्यांचे दोन करतोय असं कळलं. तिला मी माझी ती छोटी पाठपिशवी देणार आहे. बाजूच्या कप्प्याची चेन अर्ध्यावर अडकते, ते आधीच सांगून ठेवलंय.